दुखवटा राहून गेला

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. दोन वर्षांच्या खंडानंतर डोंबिवलीच्या फडके रोडवर पुन्हा स्वागतयात्रा निघाली होती. दोनच दिवस आधी राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय झाला होता : पाडव्यापासून करोनाचे सगळे निर्बंध मागे, मास्क ज्याच्या त्याच्या इच्छेवर. रस्त्यावर लेझीम, ढोल, नऊवारीतल्या मुली आणि कितीतरी दिवसांनी उघडे दिसणारे चेहरे.

त्या रस्त्यामागच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझी आत्या राहते. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात चौतीस वर्षं परिचारिका म्हणून काम करून ती २०२१च्या अखेरीला निवृत्त झाली. आतोबा त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत गेले. आईचं स्टेशनजवळ पोळी-भाजी केंद्र आहे. चार बायका तिच्या हाताखाली पोळ्या लाटतात. आमच्या घरची गुढी उभारून झाल्यावर आई आणि मी आत्याकडे गेलो. बाबांचे गुडघे जिने चढू देत नाहीत, ते खालीच यात्रा बघत थांबले.

त्या तासाभरात आई आणि आत्या जे बोलल्या, ते मी लिहून ठेवलं आहे. जगणं सुरळीत होणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी त्या दोघींकडून समजलं.

आई : वन्सं, गोडाचं काही आणलेलं नाही. वर्ष व्हायचंय, माहीत आहे मला. नुसता कडुनिंब आणलाय. कोवळी पानं, ओवा, हिंग, मीठ. गूळ अगदी नावाला.

आत्या : ठेवा वहिनी. कडू चालतं. आणि ती खिडकी उघडा, मग बसा तिच्यापाशी.

आई : आज तरी तो मास्क उतरवा हो. खाली बघा, माणसं कशी हसतायत. दोन पाडवे आपण काय भोगलं! पहिल्या पाडव्याला, २५ मार्च २०२०ला, सगळा देश बंद झाला. गुढीला साखरेची गाठी मिळाली नव्हती मला. दुसऱ्या पाडव्याला संध्याकाळी मुख्यमंत्री टीव्हीवर आले आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून पुन्हा संचारबंदी. हा तिसरा. हा तरी आपल्याला पाडव्यासारखा मिळू दे.

आत्या : मिळू दे की. यात्रा निघाली, मला आनंदच आहे. सरकारने सक्ती काढली, तेही योग्य केलं. पण आजार संपला असं कुणी डॉक्टर म्हणालेला नाही. माझी दोन्ही फुप्फुसं त्यातून गेलीत. मी मास्क लावला तर तुमच्या आनंदात काय उणं होतं?

आई : उणं होत नाही, पण मन मागे राहतं. तुम्ही दार लावून बसलात की मला वाटतं, अजून काहीच संपलेलं नाही.

आत्या : दार कुठे लावलंय? खिडकी उघडायला सांगितली ना तुम्हाला.

आई थोडा वेळ गप्प बसली. मग खिडकी पूर्ण उघडून तिने खुर्ची जवळ ओढली. लेझमीचा आवाज घरात आला.

आई : मी घाईची आहे असं तुम्हाला वाटतं. आहे मी घाईची. का, ते सांगते. २२ मार्चच्या रात्री लोकल थांबल्या. रोज पाऊणशे लाखांवर माणसं ने-आण करणारी ती गाडी. माझं केंद्र त्या गाडीवर चालतं. संध्याकाळी सातला उतरलेली बाई घरी जाऊन कणीक मळत नाही, माझ्याकडून दहा पोळ्या नेते. ती बाईच आली नाही तर माझ्या चार बायकांनी काय करायचं? पहिले तीन महिने मी त्यांना पगार दिला. चौथ्या महिन्यात अर्धा. सहाव्यात मी त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नव्हते.

आत्या : मला आठवतं.

आई : तुम्हाला १५ जूनपासून गाडी मिळाली, अत्यावश्यक म्हणून.

आत्या : त्याआधी एसटीने जात होते वहिनी. अडीच तास जाताना, तीन येताना.

आई : ते मी नाकारत नाही. मी माझ्याकडची गोष्ट सांगते. बायकांना लोकल मिळाली २१ ऑक्टोबरला, तीही अकरा ते तीन आणि सातनंतर. सगळ्यांना मिळाली १ फेब्रुवारी २०२१ला, तर सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. नोकरीवाला माणूस साडेसहाची गाडी पकडायचा आणि कचेरी उघडेपर्यंत पायरीवर बसायचा. रात्री नऊनंतर परतायचा, तेव्हा माझं केंद्र बंद झालेलं असायचं. तरी मी म्हटलं, चला, सुरू तर झालं. दिवसाला सहाशे पोळ्या जायच्या, त्या दीडशेवर आल्या. दीडशे तर दीडशे. तेवढ्यात एप्रिल आला.

आत्या : तो एप्रिल का आला, याचाच विचार मी वर्षभर करतेय. त्या फेब्रुवारीत आमचा वॉर्ड जवळजवळ रिकामा झाला होता. कंत्राटावरच्या मुली, वॉर्डबॉय यांना घरी पाठवलं. खाटा उचलल्या. आम्ही एकमेकींना म्हणालो, सुटलो. मीसुद्धा एका लग्नाला गेले. पन्नास माणसांची मर्यादा होती, मांडवात तीनशे होती. मी परिचारिका, मला कळायला हवं होतं. पण वर्षभर चेहरे बघितले नव्हते ना कुणाचे. मन आसुसलं होतं.

आई : मग त्या घाईनेच लाट आली असं म्हणायचंय तुम्हाला?

आत्या : एकट्या घाईने नाही. विषाणू बदलला होता, डेल्टा आला होता. पण लाट आली तेव्हा आपल्या हातात काय उरलं होतं? घरी पाठवलेल्या मुली परत मिळेनात. ऑक्सिजन कुठून आणायचा, तर कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवायची पाळी आली. सुरळीत झालं म्हणताना आपण तयारीही मोडून टाकली होती. मला भीती वाटते ती त्याची. आज यात्रा निघाली म्हणून नाही वाटत.

आई : हे मला पटतं. पण वन्सं, भीतीनेही माणसं संपली. २०२०च्या मेमध्ये याच जिन्यात तुम्हाला अडवलं होतं, आठवतं? तुम्ही ड्युटीवरून आलेल्या, पायात त्राण नव्हतं, आणि लोक म्हणाले, तुम्ही रुग्णालयातच राहा. ज्या बाईसाठी त्यांनीच टाळ्या-थाळ्या वाजवल्या होत्या, तिलाच. मला तो दिवस विसरता येत नाही. म्हणून मला वाटतं, बंद दारं जितकी लवकर उघडतील तितकी बरी. दार बंद राहिलं की माणूस माणसाला परका होतो.

आत्याने वाटीतलं एक पान उचललं आणि मास्क खाली करून तोंडात टाकलं. बराच वेळ चावत राहिली.

आत्या : दारं उघडावीत, पण कुठलं आधी उघडायचं, हे कोण ठरवतं? हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबर २०२०ला उघडले. शहरातल्या शाळा? ४ ऑक्टोबर २०२१ला, आणि त्याही आठवीपासून पुढच्या. तीनच दिवसांनी, घटस्थापनेला, देवळं उघडली. २२ तारखेला नाट्यगृहं. आठवीखालची मुलं तेव्हाही घरीच होती.

आई : ते मला नका सांगू. माझ्याकडच्या एका बाईची मुलगी २०२०च्या मार्चमध्ये तिसरीत होती. चौथीच्या वर्गात ती एक दिवस बसली नाही. जाऊन बसली ती थेट पाचवीत. घरात फोन एक, तो बाप कामावर घेऊन जायचा. मागच्या महिन्यात मी तिला म्हटलं, चाळीस पोळ्या पाच डब्यांत सारख्या भर. ती एकेक पोळी टाकत गेली, पाच डब्यांत फेरी घालून. भागाकार तिला कुणी शिकवलाच नव्हता.

आत्या : मग तिच्यासाठी सुरळीत झालं का, वहिनी?

आई : नाही झालं. आणि तिच्या आईसाठीही नाही झालं. ती सकाळी ठाण्याला दोन घरची कामं करून मग माझ्याकडे यायची. १५ ऑगस्ट २०२१ला लोकल उघडली ती दोन डोस घेतलेल्यांना, त्यावर चौदा दिवस झालेल्यांना, आणि तीही पासवर. तिला पहिला डोस मिळाला जूनच्या शेवटी. दुसऱ्याला चौऱ्याऐंशी दिवस थांबायचं. म्हणजे सप्टेंबर उलटला. ऑक्टोबरात पास मिळाला, तोवर दोन्ही घरांनी दुसरी बाई ठेवली होती.

आत्या : दोन डोसांची अट चुकीची नव्हती. त्या डब्यातली गर्दी मी ओळखते.

आई : अट चुकीची नव्हती, पण लस आधी कुणाला मिळाली? ज्याच्या हातात फोन होता आणि फोनवर जागा पकडायला वेळ होता, त्याला. ती बाई पोळ्या लाटत होती.

इथे मला बोलल्याशिवाय राहवेना. मी कॉलेजात इतिहास शिकवते.

मी : हे आधीही झालंय. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळाली. ज्या साथरोग कायद्याखाली २०२०च्या मार्चमध्ये आपल्याकडे बंधनं आली, तो १८९७चा, त्याच प्लेगमधला. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईतच तयार केली आणि पहिली टोचणी स्वतःला करून घेतली. आणि साथ एका फटक्यात गेली नाही. वर्षानुवर्षं हिवाळ्याबरोबर परत येत राहिली. लोक कामाला लागत, पुन्हा पांगत, पुन्हा येत.

आत्या : मग शेवटी पहिल्यासारखं झालं का शहर?

मी : नाही झालं. १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या हे प्लेगचं घर, असं सरकारने मानलं. वस्त्या पाडल्या, हवा खेळावी म्हणून रुंद रस्ते काढले. दादर-माटुंग्याची आखीव वसाहत, झाडं लावलेले रस्ते, मधल्या बागा, हे सगळं त्यातून आलं.

आई : आणि ज्यांच्या खोल्या पाडल्या, ते गेले का त्या बागांत राहायला?

मी : बहुतेक नाही. पाडलेल्या घरांच्या मानाने त्यांच्यासाठी नवी घरं फार थोडी बांधली. दादरला मध्यमवर्ग गेला.

आई : म्हणजे साथीनंतर हवा आली, पण दुसऱ्याच्या घरात.

आत्या : वहिनी, हेच मी म्हणत होते. तुम्हाला वाटतं, मी थांबा म्हणते म्हणजे बंद ठेवा म्हणते. मी म्हणते, मागे कोण राहिलं ते बघून पुढे जा. वॉर्डात राउंड संपल्यावर सिस्टर निघून जात नाही. शेवटच्या खाटेपर्यंत पुन्हा एकदा नजर टाकते. कोण झोपलंय, कोण नुसताच डोळे मिटून पडलाय.

आई : आणि मी म्हणते, चूल पेटल्याशिवाय मागे राहिलेल्याला वाढणार काय? माझ्या बायका कामावर आल्या, तेव्हा मला कळलं तरी की त्या मुलीला भागाकार येत नाही. केंद्र बंद असतं तर ती पोरगी माझ्या नजरेलाच पडली नसती. आता रोज दुपारी अर्धा तास ती माझ्याकडे बसते. पोळ्या मोजून मोजून तिला भागाकार यायला लागलाय.

आत्या यावर काही बोलली नाही. खाली यात्रेचा एक चित्ररथ गेला. परिचारिका आणि डॉक्टरांच्या वेषातली मुलं हात हलवत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या उठली, पाणी प्यायली आणि परत येऊन बसली.

आत्या : टाळ्या चांगल्या असतात. मला वाईट नाही वाटत. पण त्या एप्रिलमध्ये मी कुणाचे हात धरून बसले होते, ते अजून मोजते रात्री. माझ्या वॉर्डात नवऱ्याला बघायला न मिळालेल्या बायकांना मी फोन लावून द्यायचे. पडद्यावर त्यांचा माणूस दाखवायचे. आणि माझा माणूस कल्याणला दुसऱ्या रुग्णालयात होता. तिथल्या कुणा पोरीने मला तसाच फोन लावून दिला. तिने फोन नीट धरला होता, त्यांचा चेहरा पूर्ण दिसेल असा. तिचं नावही मला माहीत नाही.

आई : वन्सं…

आत्या : रामनवमीनंतर तिसऱ्या दिवशी गेले. लेक नागपूरला स्वतःच तापाने पडलेली. मी विलगीकरणात. त्यांना महापालिकेच्या माणसांनी नेलं. तेराव्याला या घरात मी एकटी होते. तुम्ही दोघं खाली रस्त्यावर उभे होतात. मी या खिडकीतून बघत होते.

आई : मी जिन्याच्या पायरीवर डबा ठेवला होता.

आत्या : आठ पोळ्या होत्या. मी दोन दिवस पुरवल्या. वहिनी, सरकारने पन्नास हजार दिले, तुमच्या लेकीने अर्ज भरून दिला, रक्कम जमा झाली. चांगलं केलं सरकारने. दोन्ही आईबाप गेलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवली, तेही फार चांगलं केलं. पण राज्यात एक लाख सत्तेचाळीस हजारांवर माणसं गेली, ही नुसती नोंदलेली. त्यांतल्या किती घरांत कुणी येऊन बसलं असेल? माणूस जातो, लोक येतात, तेच तेच विचारतात, आपण तेच तेच सांगतो. दहादा सांगून झालं की आपल्यालाही पटतं, तो गेला. मला कुणी विचारलंच नाही. मी कुणाला सांगितलंच नाही. आज पहिल्यांदा सांगतेय.

आई खुर्चीवरून उठून आत्याच्या शेजारी जमिनीवर बसली. मग बऱ्याच वेळाने बोलली.

आई : आमच्याकडून दुखवटा राहून गेला.

माहेरच्यांनी येऊन लेकीला वस्त्र द्यायचं, चार घास गोड खाऊ घालायचे, तिला शोकातून हाताला धरून बाहेर आणायचं, अशी ही रीत. आजीच्या वेळी मी ती बघितली होती. तेव्हा मला ती नुसती देवघेव वाटली होती. त्या दिवशी आत्याच्या घरात मला कळलं की रीत कशासाठी असते. शोक संपल्याची तारीख शोक करणाऱ्याला स्वतः ठरवता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी येऊन ती ठरवून द्यावी लागते.

आई : मी तुम्हाला म्हणत होते, मास्क काढा, बाहेर या. मीच आले नव्हते आत.

आत्या : तेव्हा येता येत नव्हतं, वहिनी. तो तुमचा दोष नाही.

आई : तेव्हा नव्हतं. पण ऑगस्टात लोकल उघडली, तेव्हा येता येत होतं. देवळं उघडली तेव्हा येत होतं. मी केंद्र उघडलं, कणकेचा हिशेब लावला, हे राहून गेलं. फोनवर रोज विचारलं, जेवलात का. बसायला आले नाही.

आत्या : आणि मी बोलावलं नाही. मलाही वाटलं, आता सगळं सुरू झालंय, लोकांना कशाला अडवायचं.

मला वाटतं, त्या दोघींमधला वाद इथे मिटला. कुणी हरलं नाही. आईचं म्हणणं होतं की जगणं चालू झालं पाहिजे, ते चालू झालंच होतं. आत्याचं म्हणणं होतं की कुणी मागे राहता कामा नये, आणि मागे राहिलेल्यांत ती स्वतः होती. सरकारचा आदेश एका तारखेला सगळ्या राज्याला लागू होतो. घराघरांत मात्र पूर्वीचं जगणं आपापल्या तारखेला परततं : नोकरदाराच्या घरी पास मिळाला त्या दिवशी, पाचवीतल्या मुलीकडे भागाकार आला त्या दुपारी. ज्या घरातला माणूस गेला, तिथे ती तारीख कुणी आणून दिल्याशिवाय येत नाही. ती आणून देणं शेजाऱ्यांचं, नातेवाइकांचं काम आहे, आणि ते काम पुष्कळ घरांत अजून बाकी आहे.

आई : वर्षश्राद्ध कधी येतं?

आत्या : बुधवारी, तेरा तारखेला.

आई : त्यानंतरच्या रविवारी आमच्याकडे दुखवटा. तुमच्या भावाला सांगते साडी आणायला. खिडक्या सगळ्या उघड्या ठेवीन, तुम्ही मास्क लावून आलात तरी चालेल.

आत्या : एक विचारू? या इमारतीतलीच तीन घरं आहेत. तळमजल्यावरचे आजोबा, ज्यांचा मुलगा गेला. समोरच्या बाई. आणि वर ती दोन भावंडं, आजीजवळ राहतात. त्यांच्याकडेही कुणी आलं नाही. मी जाऊन बसायला हवं होतं, मीही गेले नाही.

आई : त्यांनाही बोलवा. आपण होऊन बोलवा, जिना उतरून. सगळ्यांचा एकत्र करू.

आत्या : रीतीत बसेल?

आई : रीत कुणासाठी आहे? सगळी मिळून माणसं किती होतील?

आत्याने बोटांवर मोजलं. बराच वेळ लागला तिला. प्रत्येक बोटापाशी ती थांबत होती, कारण प्रत्येक घरात आता एक माणूस कमी मोजायचं होतं.

आत्या : तुमच्यासकट सोळा.

आई : सोळा. म्हणजे पुरणाच्या पन्नास करते. त्या पोरीला लावते मोजायला, प्रत्येकाला किती येतात ते.